न थांबणारी खेप

मामीचा फोन आला तेव्हा मी गच्चीवरचे वाळलेले कपडे काढून जिना उतरत होते. दोन्ही हात भरलेले, म्हणून फोन कान आणि खांद्याच्या मध्ये कसाबसा धरला होता.

“मामा गेले गो,” मामी म्हणाली.

“कुठे?” मी विचारलं.

मग मामी अगदी हळू म्हणाली, “आईला दे बाय फोन.” तेव्हा मला कळलं.

ज्या बातमीला आम्ही सगळे कितीतरी महिने भीत होतो ती शेवटी आली, आणि माझ्या तोंडून निघालं, कुठे. पण आमच्याकडे ‘मामा गेला’ हे वाक्य कधी तिथेच संपत नसे. त्याच्यापुढे गावाचं नाव यायचं. मामा गेला, शहापूरला, कुणाच्या तरी मिक्सरचं भांडं दुरुस्त करून आणायला. मामा गेला, मुरबाडला, शेजारच्यांच्या सुनेला दवाखान्यात डबा पोचवायला. मामा गेला, म्हशाच्या जत्रेला, स्वतःला काही नको असताना, कारण कॉलनीतल्या कुणाला तरी तिथलीच घोंगडी हवी होती. जीभ सवयीने पुढे गेली. या गोष्टीला आता काही आठवडे झालेत. अजूनही भेटायला आलेलं कुणी ‘तुझे मामा गेले ना’ असं म्हणालं की क्षणभर तोच प्रश्न आतून वर येतो... आणि मी तो गिळते.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ, बाळू. मूळ घर वैशाखऱ्याला, भातशेतीवालं. नोकरी भातसानगरला, धरणाच्या कॉलनीत वायरमनची. त्याला आणि मामीला मूल नव्हतं. आम्ही शहापुरात राहायचो, मी तिथल्या इंग्रजी शाळेत जायचे, आणि सुट्टी लागली की माझी रवानगी मामाच्या क्वार्टरमध्ये व्हायची. मी न बोलणारी मुलगी होते. दुकानात जाऊन पेन मागायचं असलं तरी ते वाक्य आधी मनात दोनदा म्हणून बघायचे. मामा नेमका उलटा. त्याने मोटारसायकलला किक मारली की आजूबाजूची दारं उघडायची. “बाळूभाऊ, जाताय तसे जरा...” आणि पुढे एखादी पिशवी, एखादा निरोप, एखादा बिघडलेला पंखा. मामी आतून म्हणायची, “घरचा नळ गळतो तो गळतोच हाय, नि हे चालले गावाच्या खेपा घालायला.”

खेप हा तिकडे पाण्याचा शब्द. विहिरीवरून हंडे भरून घरी आणायची एक फेरी म्हणजे एक खेप. उन्हाळ्यात वैशाखऱ्याच्या बायकांची सकाळच्या सकाळ खेपांमध्ये जाते. मामीने तो शब्द टोमणा म्हणून मामाच्या कामांना लावला, आणि मामाने तो आनंदाने घेतला. कुठे होतास, असं विचारलं की म्हणायचा, “एक खेप होती.”

भातसानगरची माझी सगळ्यात जुनी आठवण मात्र भीतीची आहे. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडायच्या आधी भोंगा वाजायचा. तो आवाज आधी पोटात शिरायचा आणि मग कानात. मी तेव्हा तिसरी-चौथीत असेन. मी पलंगाखाली जाऊन कानात बोटं घालून बसायचे. एकदा मामा फरशीवर आडवा झाला, पलंगाखाली डोकावला आणि म्हणाला, “भ्यायचं नाय गो. भोंगा वाजला म्हंजे अजून टाइम हाय. न वाजता येतं त्याला भ्यायचं.” त्याने ते धीर द्यायला म्हणून सांगितलं होतं. पण त्या दिवसापासून मी भोंग्याला भ्यायची थांबले आणि शांततेला भ्यायला लागले. सगळं गप्प असलं की वाटायचं, काहीतरी न वाजता निघालं आहे.

दोन हजार साल उजाडल्यानंतरची गोष्ट. धरणावरच्या एका साहेबांची बदली झाली, आणि जाताना त्यांनी आपला जुना कॉम्प्युटर मामाला देऊन टाकला. त्यात एक खेळ होता. असले खेळ ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. पडद्यावर एक भलामोठा मुलूख असतो, किल्ले, जंगलं, गावं, राक्षस असलेला. त्यात आपला एक माणूस असतो, आणि त्याला वाटेल तिकडे हिंडवता येतं. त्याला एक मुख्य काम नेमून दिलेलं असतं. पण वाटेत भेटणारा जो तो आपलं काहीतरी फुटकळ काम त्याच्या गळ्यात मारतो. आमच्या खेळातलं मुख्य काम असं होतं: उत्तरेच्या बुरुजात कुणीतरी झोपेतून जागा होतो आहे, तो पुरता जागा झाला की सूर्य विझेल, म्हणून वेळ न दवडता तिथे जा आणि त्याला संपव. राजवाड्याच्या दाराशी उभा असलेला म्हातारा प्रधान हे सांगायचा, अर्थात इंग्रजीत. मामाला इंग्रजी जेमतेम यायचं. म्हणून मी शेजारी स्टुलावर बसून वाचायचे आणि मराठीत सांगायचे. एरवी मी कुणाशी बोलत नसे, पण त्या मुलखातल्या झाडून सगळ्या माणसांच्या वतीने मीच बोलायचे.

“काय म्हणतो?” मामा विचारायचा.

“म्हणतो, घाई करा. वेळ उरलेला नाही.”

“बरं. नि ती म्हातारी काय म्हणते?”

“तिच्या कोंबड्या हरवल्यात.”

“मग आधी कोंबड्या.”

कोंबड्या झाल्या की लांडग्यांची कातडी. मग कुणाची तळ्यात पडलेली अंगठी. मग एका शेतकऱ्याचा निरोप डोंगरापलीकडच्या भावाला, आणि भाऊ म्हणणार, त्याला सांग आधी माझं मीठ परत कर. मग मिठासाठी पुन्हा डोंगर. नकाशावर एक टिचकी मारली की थेट तिथे पोचायची सोय त्या खेळात होती. मामा ती वापरत नसे. “फास्ट नको गो, स्लो पकडू. मधली स्टेशनं कशी दिसणार?” मग तो माणूस चालत राहायचा. रविवारची अख्खी दुपार त्याच्या चालण्यात जायची, आणि मला इतका कंटाळा यायचा की मी स्टुलावर बसल्या बसल्या डुलक्या घ्यायचे. एवढं करून शेवटी हाती काय, तर गंजका सुरा नाहीतर नुसते आभार. मामी आतून विचारायची, “काय दिलं आज?”

“आशीर्वाद.”

“तेच इथं मिळतात तुमाला, नि तिथंबी तेच.”

तरीही मी तो कंटाळा संपू नये असंच मनात म्हणत असायचे, कारण खेपा संपल्या की उत्तरेचा पूल होता. त्या पुलाच्या जवळ गेलं की पडदा काळवंडायचा आणि संगीताच्या खालून ढोलासारखं काहीतरी वाजायला लागायचं, एका लयीत, कुणीतरी झोपेत श्वास घेतल्यासारखं. मी पाय स्टुलावर ओढून घ्यायचे. अशा वेळी मी पडद्याकडे बघत नसे, मामाकडे बघायचे. त्यामुळे मला एक गोष्ट दिसली होती. पूल जवळ आला की मामाचा डावा हात स्पीकरच्या बटणाकडे जायचा आणि आवाज बारीक व्हायचा. “मामी झोपलेय ना,” तो म्हणायचा. मामी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत असायची. थापल्याचा आवाज आम्हा दोघांनाही ऐकू येत असायचा. मग तो आपल्या माणसाला मागे वळवायचा. “त्या कुंभाराची माती राहिली, नाय का?” मी जोरात मान हलवायचे. मामाही भितो, हे मला कळलं होतं. त्याने माझी भीती निम्मी व्हायला हवी होती, पण ती दुप्पट झाली.

त्या खेळातली एक गोष्ट मामाला फार आवडायची. प्रधान कितीही घाई घाई म्हणाला तरी घडत काहीच नसे. आम्ही आठवडेच्या आठवडे मध गोळा करत हिंडलो तरी सूर्य रोज उगवायचा. बुरुजातला तो अर्धवट जागा होता, तो अर्धवट जागाच राहायचा. “थांबतो गो तो,” मामा म्हणायचा. “कितीबी टाइम लावा, थांबतो. येवढा समजूतदार दुश्मन कुणाला मिळतो?”

आणि मग पाणचक्कीवाल्याची बायको आली. नदीकाठी एक पाणचक्की होती आणि तिचा मालक दारात उभा होता. त्याची बायको तापाने फणफणली होती, डोंगरातल्या झऱ्यावरचं निळं शेवाळ आणून दिलं तर ती वाचणार होती. ‘ती फार काळ काढणार नाही,’ असं तो म्हणाला, आणि मी ते तसंच्या तसं सांगितलं. पण सगळेच तसं म्हणायचे. आम्ही नेहमीसारखे निघालो. वाटेत एका धनगराची मेंढी शोधली, एका मुलीचा पतंग झाडावरून काढला, शेवाळ घेतलं, येताना आणखी कुणाचं तरी काहीतरी केलं. परत आलो तर दार उघडं होतं, आत खाट रिकामी होती, आणि पाणचक्कीवाला बाहेर दगडावर बसला होता. मामाने त्याच्यावर टिचकी मारली.

“काय म्हणतो?”

“उशीर केलात.”

मामाने पुन्हा टिचकी मारली. तेच. पुन्हा मारली. तेच. त्या माणसाकडे आता जगात एवढं एकच वाक्य उरलं होतं. मामाचं बोट कितीतरी वेळ वाजत राहिलं, आणि मी प्रत्येक वेळी ते वाचून दाखवत राहिले, कारण ते माझं काम होतं. शेवटी मामी बाहेर आली आणि म्हणाली, “काय चाललंय तुमचं, ती पोर रडतेय.” मला रडू आल्याचं मलाच माहीत नव्हतं.

शेवाळाची जुडी मात्र आमच्या माणसाच्या पिशवीतच राहिली. मामाने ती विकायचा प्रयत्न केला, जमिनीवर टाकायचा केला, नदीत टाकायचा केला. दर वेळी खेळ एक ओळ दाखवायचा: ही वस्तू टाकता येणार नाही. कामाची वस्तू होती ना ती. काम संपलं होतं, पण खेळाला ते माहीत नव्हतं.

त्यानंतर मामा प्रत्येक खेपेआधी मला विचारायला लागला, “नीट वाच. ही थांबणारी हाय का न थांबणारी?” मी शब्दन्‌शब्द तपासून निकाल द्यायचे. हळूहळू ते घरातही आलं. मामीने कोथिंबीर आणायला सांगितली की मामा विचारायचा, “थांबणारी का न थांबणारी?” मामी म्हणायची, “आमटी उकळतेय. तिलाच इचारा.” आम्ही तिघं हसायचो. मी हसताना थोडी मागे राहायचे. माझ्या मनातून तो दगडावर बसलेला माणूस जात नव्हता.

पुढे मी कॉलेजला कल्याणला जायला लागले. सायबर कॅफेत बसून असल्या खेळांबद्दल लोक काय लिहितात ते वाचायला लागले. तिथे सगळे याच खेपांवर वैतागलेले होते. मुख्य कथा चार घटकांची, बाकी नुसती ये-जा. आपल्याला धावायला सांगतात आणि पायात कोंबड्या सोडतात. मला ते पटलं. एका रविवारी मी मामाला म्हटलं, “मामा, हे सगळं भरताड असतं रे. खेळ लांब दिसावा म्हणून घातलेलं.”

मामा चालत्या माणसावरची नजर न काढता म्हणाला, “भरताड तं भरताड. भाताच्या खाली पेंढा पसरतातच ना गो?”

“पण मुख्य काम राहतं ना.”

“ते कुठं पळतंय?” तो म्हणाला, आणि खाकरला.

तो खाकरला हे मी तेव्हाच टिपलं होतं. मला सगळं दिसतं, फक्त ते तोंडावाटे बाहेर यायला वेळ लागतो. त्याचा आवाज काही महिन्यांपासून बसल्यासारखा होता. मामी म्हणायची, हळद-दूध घ्या. आई म्हणायची, डॉक्टरला दाखव. मामा म्हणायचा, पावसाळ्यात खांबांवर चढून चढून बसलाय, उतरेल. मग भाताची कापणी होती, मग कॉलनीतल्या कुणाच्या मुलीच्या लग्नाची रोषणाई. मीही म्हटलं, दोनदा, तीनदा, माझ्या बारीक आवाजात. “जातो गो,” तो म्हणायचा. “येवढी एक खेप होऊ दे.” घोगऱ्या आवाजाला काही भोंगा नसतो. तो दुखत नव्हता, सुजत नव्हता, नुसता जात होता, आणि घरात इतकी माणसं बोलणारी होती की एकाचा आवाज उतरलेला कुणाला जाणवत नव्हता. मला जाणवत होता. दर रविवारी बसमध्ये बसताना माझे हात गार पडायचे, कारण उतरल्यावर त्याची पहिली हाक कशी असेल ते ऐकायचं असायचं.

शेवटी तो डॉक्टरकडे गेला, तपासण्या झाल्या, आणि रिपोर्ट हातात आला तेव्हा त्याने तो फोडलाच नाही. मी येईपर्यंत टेबलावर ठेवला, कॉम्प्युटरच्या शेजारी. मी आले तशी त्याने स्टूल पुढे सरकवलं. “वाच.”

मी आधी मनात वाचला. तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता, जसं मी पुलाजवळ त्याच्या चेहऱ्याकडे बघायचे.

“काय म्हणतो?” त्याने विचारलं.

मी सांगितलं. इंग्रजीतल्या लांब शब्दांच्या मागे लपायला जागा होती, पण मराठीत सांगताना ती उरली नाही. स्वयंपाकघरातला आवाज थांबला होता.

“थांबणारी का न थांबणारी?”

मी मान हलवली.

“मानेनं नको. तू वाचतेस तवा मला कळतं.”

“न थांबणारी, मामा.”

“बरं,” तो म्हणाला. उठला, पायात चपला सरकवल्या, मामीला म्हणाला, “आवर. मुंबईला आजच निघू.” आम्ही तिघं बाहेर पडलो तर समोरचं दार उघडलं आणि शेजारच्या काकू, ज्यांना बिचाऱ्यांना काहीच ठाऊक नव्हतं, नेहमीसारख्या म्हणाल्या, “बाळूभाऊ, जाताय तसे...”

मामा थांबला. “ह्या खेपेला नाय जमायचं, काकू,” तो म्हणाला.

माझ्या जन्मात मी त्याला नाही म्हणताना ऐकलं नव्हतं. काकूंचा हात पिशवी धरून तसाच हवेत राहिला. रिपोर्टपेक्षा मी या वाक्याने जास्त घाबरले.

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलातले डॉक्टर चांगले होते. त्यांनी नीट तपासलं, कागद बघितले, मामाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “थोडा उशीर केलात.” मग ते दुसऱ्या कागदाकडे वळले. मामाने माझ्याकडे बघितलं. त्याचा उजवा हात गुडघ्यावर होता, आणि त्या हाताचं पहिलं बोट हलकेच खाली गेलं, वर आलं, पुन्हा खाली गेलं... टिचकी, टिचकी. मी त्याच्या हातावर हात ठेवून ते बोट थांबवलं. मामीला वाटलं, तो थरथरतोय.

ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. डॉक्टरांनी आधी सांगितलंच होतं. मामा कॉलनीत परतला तो खुणांनी बोलणारा होऊन. लोक भेटायला यायचे, फळं ठेवायचे, आणि काही काम न सांगता जायचे. मला वाटतं, त्याला सगळ्यात जास्त ते लागलं. दारं अगदी हळू लावली जायची. माझ्या लहानपणी जिला मी भ्यायला शिकले ती शांतता आता त्या क्वार्टरमध्ये राहायलाच आली होती.

एका रविवारी दुपारी त्याने कॉम्प्युटरवरचं कापड काढलं आणि माझ्यासाठी स्टुलाकडे बोट दाखवलं. मी आता त्या स्टुलावर मावत नव्हते, तरी बसले. त्याने आपल्या माणसाला उत्तरेच्या वाटेला लावलं. वाटेत दोघातिघांच्या डोक्यावर काम असल्याची खूण चमकत होती. तो थांबला नाही. पूल आला, पडदा काळवंडला, ढोल सुरू झाला, आणि मामाचा डावा हात सवयीने बटणाकडे गेला. त्याने आवाज वाढवला. मामी पिठाचे हात घेऊन दारात येऊन उभी राहिली. पुलापलीकडे नुसती राखाडी जमीन होती.

“कुणीच राहत नाय काय तिकडं?” मामीने विचारलं.

कुणीच राहत नव्हतं. कुणाचं काही हरवलं नव्हतं, कुणाला काही पोचवायचं नव्हतं. इतकी वर्षं मी ज्या कंटाळ्यावर हसले तो तिथे नव्हता, आणि त्याच्याशिवाय त्या वाटेवर चालवत नव्हतं. शेवटी बुरुजाचं दार आलं. पडद्यावर ओळ आली आणि मी ती न विचारताच वाचली, “आत गेल्यावर परत येता येणार नाही. जायचं?”

मामाने माऊसवरचा हात काढला आणि माऊस माझ्याकडे सरकवला. मी दोन्ही हात मांडीत घट्ट धरून ठेवले. “मी नाही, मामा.” तो हसला, आवाज नसलेलं हसणं. मग त्याने तळहात उभा केला, थांब म्हणतात तसा. तो मला म्हणत होता, की आत असलेल्याला, ते मला कळलं नाही. जिथे होतो तिथेच खेळ जपून ठेवून त्याने मशीन बंद केलं. त्यानंतर काही आठवड्यांनी, सकाळी, मामी चहा घेऊन आली तेव्हा तो गेलेला होता.

क्वार्टर सोडायची वेळ आली तेव्हा कॉम्प्युटर माझ्याकडे, शहापूरला आला. मी तो एकदाच लावला. तो माणूस दाराशी उभा होता. मी त्याची पिशवी उघडून बघितली. निळं शेवाळ होतं. मी पुढे गेले नाही. प्रधान म्हणतो म्हणून सूर्य विझत नाही, एवढं मला माहीत आहे.

सामान आवरताना मामीने दारामागच्या खुंटीवरची मामाची कापडी पिशवी काढून माझ्या हातात दिली. आत चष्मा होता, जाड भिंगांचा. वैशाखऱ्याच्या हिराआजीचा. मामाच्या घराशेजारी राहणारी ही म्हातारी त्याच्या आजारपणात एवढ्या लांबून त्याला बघायला आली होती. डोळे पुसायला तिने चष्मा काढला, तर दोऱ्याने बांधलेली काडी निसटून पडली. मामाने काही न बोलता, म्हणजे बोलता येत नव्हतंच, हात पुढे केला होता. ती म्हणाली, “असूं दे रे, तू बरा हो आधी. जुना हाय माझ्याकडं.” पण हात मागे गेला नाही. आता ती काडी बारीक तांब्याच्या तारेने गुंडाळून पक्की केलेली होती, वेटोळ्याला वेटोळं लागून, टोक आत वळवलेलं, कानाला टोचू नये म्हणून.

“टाकवत नाय,” मामी म्हणाली, “नि ठेवूनबी काय करू?”

“मी देते,” मी म्हटलं. माझंच मला नवल वाटलं.

किन्हवलीवरून सरळगाव, तिथून माळशेजच्या रस्त्याची बस. सगळी वाट मी एकच वाक्य मनात म्हणत होते: आजी, मी बाळूमामाची भाची, हा तुमचा चष्मा, उशीर झाला. पेन मागायला जाताना म्हणायचे तसं. पण खरी भीती वाक्याची नव्हती. आजी थकलेली होती, आणि मधे आठवडे गेले होते. मला दिसत होतं ते उघडं दार आणि आतली रिकामी खाट.

घर सापडलं. दार उघडं होतं. पडवीत खाट होती, आणि ती रिकामी होती. मी अंगणात उभी राहिले. हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. त्या क्षणी मला मामाचे शेवटचे महिने कळले असं वाटलं... हाक आहे, आणि बाहेर येत नाही.

“कोण गो ती?” मागून आवाज आला. “दिसत नाय मला. पुढं ये.”

आजी घराच्या मागून येत होती, कमरेवर छोटी कळशी, विहिरीवरून. खेप घालून. पाठ केलेलं वाक्य मी पूर्ण विसरले. नुसता चष्मा तिच्या हातात दिला. तिने कळशी खाली ठेवली, पदराला हात पुसले, आणि बोटाने काडी चाचपली. तारेवरून बोट पुन्हा पुन्हा फिरलं.

“बाळ्याचं काम हाय,” ती म्हणाली. चष्मा लावला आणि माझ्याकडे नीट बघितलं.

“उशीर झाला, आजी,” मी म्हटलं, आणि जे ऐकायला येईल त्यासाठी अंग आवळून उभी राहिले.

“उशीर?” आजी म्हणाली. “लवकर आलीस गो. तो असता तं वाटेत चार घरं करून आला असता. बस, च्या टाकते.”

चहा होईपर्यंत तिने त्याच्या लहानपणीच्या गोष्टी सांगितल्या. कैऱ्या पाडायला चढायचा आणि खाली उभ्या असलेल्यांना वाटून स्वतः रिकाम्या हाताने उतरायचा, असल्या. मी निघाले तशी ती आत गेली आणि एक पुडकं घेऊन आली. सोललेली चिंच, वर्तमानपत्रात बांधलेली.

“जातेस तशी,” आजी म्हणाली, “टोकावड्याला माझ्या लेकीला दे. फाट्यावर तिचं च्याचं दुकान हाय. कुणालाबी इचार. पुढं जायला मागनं येणारी बस मिळंल तुला.”

मी पुडकं मामाच्या पिशवीत ठेवलं आणि बस आली तशी खिडकीशी बसले. कुणालाही विचार, असं म्हणाली होती. मला फाट्यावरच्या अनोळखी माणसांशी बोलावं लागणार होतं, आणि हात गार पडायला लागले होते. चिंच काही नासत नाही. पुढल्या आठवड्यात दिली असती तरी चाललं असतं, पुढल्या महिन्यातही. ही थांबणारी खेप होती. तरी मी टोकावड्याला उतरले.